पुलावरून टाकलेलं संत्रं

जपान म्हटलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंत हो? उभा जन्म बोटीवर सुकाणी म्हणून काढला, तेव्हा विचारणारच. मी त्यांना तिथल्या आगगाडीच्या, ट्रान्झिस्टरच्या गोष्टी सांगतो. पुलांचं विचारलं की म्हणतो, हो, चांगले होते, आणि विषय बदलतो. ती आठवण आली की अजून माझी कानशिलं तापतात.

लढाई संपून वीसेक वर्षं झाली असतील. आमची मालवाहू बोट दक्षिण जपानात दुरुस्तीला लागली होती. बोटीला भाजीपाला पुरवणारा एक म्हातारा रोज यायचा आणि त्याच्या टोपल्या मी वर चढवून द्यायचो. यात काय मोठंसं केलं? काम नव्हतं, बसून बसून अंग आखडलं होतं, म्हणून करत होतो. पण त्याने ते मनात धरलं. एका रविवारी आपली इवलीशी मोटार घेऊन धक्क्यावर हजर! सोबत बायको. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, बेटांवर नवे पूल झालेत, चल, दाखवतो.

म्हातारीने मला हट्टाने पुढे बसवलं. स्वतः मागे बसली, मांडीवर संत्र्यांची करंडी घेऊन.

आणि काय तो रस्ता! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, खडकांवर मासळी सुकत घातलेली. माती तांबडी नव्हती एवढंच, नाहीतर मला वाटलं असतं की वळण संपलं की आमच्या गावाकडचं कुणकेश्वराचं देऊळ दिसणार. एक बेट संपलं की पूल, पुलाच्या खाली हिरवं पाणी, पलीकडे दुसरं बेट, की पुन्हा पूल. खरं सांगतो, मला आनंद झाला तसा रागही आला. आमच्याकडे तेव्हा देवगडहून कुणकेश्वराला जायचं तर मधली खाडी तरीच्या होडीतून ओलांडायची. ओहोटी असली तर चिखलात उभं राहायचं, तरवाला जेवायला गेला असला तर त्याच्या नावाने बोंबलायचं. आणि इथे हा भाजीवाला म्हातारा एका हाताने चाक धरून समुद्र ओलांडतो! आवशीचो घोव, म्हटलं, आमी काय पाप केलला?

पहिला पूल जवळ आला तेव्हा मागून म्हातारीचे दोन हात पुढे आले. करंडीतलं सगळ्यात मोठं संत्रं तिने रुमालाने पुसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून मला दिलं. देठाला पान होतं. मी मान लववून घेतलं.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. नवं पाणी ओलांडताना पाण्याला काहीतरी द्यायचं. आई तरीत बसली की कनवटीची सुपारी सोडायची, केळं असलं तर केळं. आणि द्यायचं ते हातात असेल त्यातलं चांगलं. लहानपणी मी एकदा डागाळलेलं केळं सोडायला निघालो, तर माझ्या हातावर फटका मारून म्हणाली, "पाण्याक फसयतंस काय रे?" बोटीवर इतकी वर्षं गेली, दाढी पांढरी व्हायला लागली, पण ती सवय हातातून गेली नाही.

गाडी पुलावर चढली. माझ्या हातात संत्रं होतं, खिडकी उघडी होती. मी ते कपाळाला लावलं आणि कठड्यावरून खाली सोडून दिलं. विचार असा केलाच नाही. हात आपोआप गेला.

समोरच्या आरशात मला म्हातारी दिसली. तिने तोंडावर हात ठेवला होता. मागून तिला काय दिसलं असेल? या माणसाने संत्रं नाकाशी नेलं, वास घेतला आणि फेकून दिलं. तिने करंडीवर रुमाल टाकला आणि करंडी पायाशी, सीटच्या खाली ढकलली.

मी समजवायला गेलो. माझं इंग्रजी बोटीवरच्या हुकमांपुरतं, त्याचं भाजीपाल्यापुरतं. मी म्हटलं, गॉड. मग खाली बोट दाखवून म्हटलं, वॉटर. म्हाताऱ्याने पूल संपताच गाडी बाजूला घेतली, धावत एका दुकानात गेला आणि माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आला! आता काय करणार? प्यायलो.

पुढच्या पुलांवर काय बघितलं ते मला विचारू नका. म्हातारा बोट दाखवत होता, मी माना डोलवत होतो, आणि लक्ष सगळं त्या करंडीकडे. मनात आलं, एक संत्रं मागून घ्यावं, सालीसकट खावं, म्हणजे तरी तिला कळेल, संत्रं मला नावडलं नव्हतं. शेवटच्या बेटावर उतरलो तेव्हा धीर करून करंडीकडे हात केला. म्हातारी घाईघाईने नको नको करत मागे सरली आणि आपल्या डब्यातला भात आणि मासा माझ्यापुढे ठेवला. मी जेवलो. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं होतं मला.

संध्याकाळी धक्क्यावर सोडताना म्हातारी गाडीतून उतरली आणि माझ्यासमोर कमरेत वाकली. पुरती वाकली आणि वर येईचना. म्हातारा तिच्या वतीने म्हणाला, "बायको म्हणते, माफ करा. यंदा आमची संत्री आंबट झाली." अहो, मी ते चाखलंसुद्धा नव्हतं! माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यासमोर वाकून उभी, आणि मी "नो, नो" करत नुसता हात हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

रजेवर घरी जामसंड्याला आलो तेव्हा आई अंगणात कोकमाची सोलं निवडत बसली होती. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. वाटलं, ही हसेल, पाठीवर हात फिरवील, आणि छातीवरचं ओझं उतरेल.

"खाडयेक दिलंस, तां बरां केलंस," आई म्हणाली. मला हायसं वाटलं.

"आणि त्या म्हातारेक काय दिलंस?"

"म्हणजे?"

"अरे, तेंच्या गाडयेत बसान फिरलंस, तेंच्या डब्यातला जेवलंस. जाताना हातात काय घेवन गेल्लंस?"

आमच्यात कुणाच्या दारी नारळ घेतल्याशिवाय कोणी जात नाही. माझ्या बोटीवरच्या पेटीत आईनेच दिलेली सोलं होती, कुळथाची पिठी होती. त्यातलं चिमूटभरही न्यावं, असं मला सुचलं नव्हतं. इतके महिने मी त्या एका संत्र्यापायी झुरत होतो, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"काय नाय गो," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. "तिना तुजी माफी मागल्यान, आणि तू तसोच इलंस?"