मामांची लाल, लेल्यांची रुपेरी

माझ्या बायकोच्या मामांच्या हाती लागलेली एकही वस्तू कधी म्हातारी झाली नाही. ती तरुणपणीच जायची. मिक्सर, चपला, छत्र्या, बागेत पाणी घालायचा पाइप, सगळ्यांची हीच गत. यात निष्काळजीपणा नव्हता, तत्त्व होतं. मामा मूळचे नागपूरचे. अमेरिकेत, सांता क्लाराजवळच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी यंत्रांचे सुटे भाग तुटेपर्यंत राबवण्यात घालवली. कुठला व्हॉल्व्ह किती वेळा उघडमीट केल्यावर दगा देतो, हे शोधून काढायचा त्यांना पगार मिळे. "जे तुटलंच नाही, ते आपल्याला समजलंच नाही," असं ते म्हणायचे. त्यावर मामी शांतपणे सांगायच्या, "आमचा नवा कुकर यांना पंधरा दिवसांत समजला."

आम्ही नवराबायको तिकडे गेलो तेव्हा डॉट कॉमचा फुगा नुकताच फुटला होता. ऑफिसात रोज कोणाची तरी खुर्ची रिकामी दिसायची, आणि नोकरी गेली तर व्हिसाचं काय, या धास्तीने मी हसूसुद्धा जपून वापरत होतो. अशा एका रविवारी मामा आमच्या अपार्टमेंटखाली हॉर्न वाजवत उभे राहिले. गाडी लालभडक, दोनच माणसांची, छप्पर उघडं टाकलेली, आणि अमेरिकेत असूनही हाताने गिअर टाकायची. "बसा जावईबापू," म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावर गंज चढून राहिला." मी पट्टा आवळून देवाचं नाव घेतलं, तर गाडी आपली गल्लीबोळांतून गोगलगायीसारखी चालली. मी म्हटलं, मामा, एवढंच ना? त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "तेल गरम व्हायचंय. झोपेतून उठल्या उठल्या तुम्ही जिने चढता काय?" पुढे काटा मध्यावर आला आणि सांताक्रूझकडच्या डोंगराचा रस्ता लागला, त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. माथ्यावर गाडी थांबवून मामा खाली उतरले, चाकापाशी वाकले आणि मलाही वाकायला लावून म्हणाले, "घ्या वास. हा ब्रेकनं काम केल्याचा वास." काम माझ्या पोटानेही बरंच केलं होतं, पण त्याची कोणी दखल घेतली नाही.

गाडी दामटण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते कोणालाही, अगदी लग्नाच्या पंगतीतही, ऐकावं लागे. टायर, ब्रेक आणि क्लच हे खायचेच पदार्थ; गाडी पळवली की ते संपणार, त्याचं दुःख करायचं नाही. इंजिनाचं तसं नाही. ते आधी तापवलं, तेल वेळेवर बदललं, तर कितीही पळवा, त्याचं फार वाकडं होत नाही. इंजिनाला मारतो तो आळस. दोन मैलांवरच्या देशी दुकानातून कोथिंबीर आणायची आणि गाडी थंडच परत ठेवायची, याला ते 'गाडीचा छळ' म्हणत. मामींना मात्र कोथिंबीर लागायची, त्यामुळे मामा आधी फ्रीवेवरून मोठा फेरा मारून मग दुकानात जात. कोथिंबीर घरी यायची तोवर तिची भाजी झालेली असे.

या शास्त्राला जगात एकच विरोधक होता, तो म्हणजे लेले. लेलेकाका पुण्याचे, त्याच कारखान्यातले, मामांचे तीस वर्षांचे जिवलग मित्र. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, अगदी एकसारख्या गाड्या घेतल्या होत्या. मामांची लाल आणि लेल्यांची रुपेरी, कारण तिच्यावर धूळ कमी दिसते. लेलेकाकांनी घरी येताच सीटवर चादरी घातल्या, गाडीवर खोळ चढवली आणि ती गॅरेजात उभी केली. महिन्यातून एकदा ते तिला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणत. "रिटायर झालो की हिच्यातून समुद्राच्या रस्त्याने थेट लॉस एंजेलिसपर्यंत जाणार," ते म्हणत. "तोपर्यंत जपायची. तू बघ, तुझी भंगारात जाईल तेव्हा माझी नवी असेल." मामा म्हणायचे, "अबे लेल्या, उभी राहून राहूनच मरेल ती. लाव पैज." कोणाची गाडी आधी जाते, हाच त्या दोघांचा प्रयोग होता.

दर दसऱ्याला दोन्ही गाड्या मामांच्या दारात पूजेला यायच्या. मामा झेंडूची माळ थेट बॉनेटवर फेकत. लेलेकाका आधी तिथे मऊ टॉवेल अंथरत, रंगावर चरा नको म्हणून. मग चाकाखाली लिंबं. मामांचं लिंबू पिचकारी मारून गॅरेजच्या दारावर उडायचं. लेलेकाका इतक्या हळुवारपणे गाडी पुढे घेत की लिंबू चिरडायचंच नाही, चाकापुढे नुसतं घरंगळत जायचं. एका वर्षी ते लिंबू मामींनी उचललं आणि त्याचंच सरबत केलं. दोघे मित्र पायरीवर बसून ते पीत पीत एकमेकांच्या गाडीला नावं ठेवत बसले होते.

लेलेकाका रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नव्हे. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी स्टीअरिंगला हात लावायला मनाई केली. त्यांनी मामांना फोन करून एवढंच सांगितलं, "गाडी काढून टाकीन म्हणतो. तेवढी बघून ठेव, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते."

मी मामांबरोबर गेलो. खोळ काढली तर बॅटरी मेलेली, टायर एका जागी उभे राहून चपटे झालेले, रबराला जागोजाग भेगा, आणि हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. मामांचा शब्द न् शब्द खरा ठरला होता. मला वाटलं, आता हे नाचतील. ते गॅरेजातल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उंदरांच्या घरट्याकडे बघत राहिले. मग घरात जाऊन लेलेकाकांना म्हणाले, "गाडी अगदी नवी आहे बे. तू जिंकला." ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या मालातले दोष तोंडावर सांगितले, त्याला मी प्रथमच खोटं बोलताना ऐकलं. दोष सांगितला असता तर लेल्यांची सारी वर्षं वाया गेली असं ठरलं असतं, ते मामांना बघवलं नसतं. त्यानंतर ते रोज गुपचूप लेल्यांच्या गॅरेजात जाऊन गाडी दुरुस्त करत राहिले. लेलेकाकूंना सगळं ठाऊक होतं; त्या चहा आणून ठेवत आणि गप्प राहत.

मग एका शनिवारी, गाडी विकायचं बाजूला ठेवून, आम्ही लॉस एंजेलिसच्या रस्त्याने निघालो. रुपेरी गाडीत मामा आणि शेजारी लेलेकाका. मागे लाल गाडीत मी. तिची किल्ली मामांनी प्रथमच कोणाच्या तरी हाती दिली होती. समुद्राचा रस्ता लागला, छपरं उघडी, आणि मामा चालले होते असे की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. शेवटी मामांनी गाडी कडेला घेतली. मीही मागोमाग थांबलो.

"इतका हळू का चाललायस?" लेलेकाका विचारत होते. "गाडीत काही निघालं का? खरं सांग."

"काही नाही निघालं. तुझी गाडी आहे, जपून चालवतो."

"जपून मी चालवली ना, इतकी वर्षं. मला समोरचं काही दिसत नाही रे. निदान पळतेय एवढं तरी कळू दे."

मामांनी तोंड पलीकडे वळवून चष्मा पुसला. मग पहिला गिअर टाकला. ती रुपेरी गाडी जी सुटली, ती मी पुन्हा पाहिली थेट पुढच्या गावच्या पेट्रोल पंपावर. लेलेकाकांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते, आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

पुढे आम्ही पुण्याला परतलो. मधे मामांना फोन केला तेव्हा कळलं, त्यांनी स्वतःची लाल गाडी विकून टाकली. चांगली ठणठणीत होती, पण एका माणसाला दोन गाड्या राबवणं जमत नाही, म्हणाले. दर रविवारी रुपेरी घेऊन दोघे डोंगरात जातात. लेलेकाकांना आता कडेचंही दिसत नाही.

"पण रस्ता पाठ झालाय लेल्याला," मामा म्हणाले. "वळण यायच्या आधी तोच सांगतो, आता डावीकडे म्हणून."

"बरोबर सांगतात?"



"हल्ली चुकतो बराच," ते म्हणाले. "मी म्हणतो, बरोबर आहे."