रेवतीने मोकळ्या सोडलेल्या जागा

रेवती गेली आणि तिचं शेवटचं काम माझ्या गळ्यात मारून गेली.

आज वर्ष झालं.

ज्यांना ती फक्त 'पॉपवाली रेवती' म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, गणपतीच्या स्टेजवर आमचा बँड सुरू झाला. ती गायची, मी कीबोर्ड बडवायचो. पुढे तिचा अल्बम आला, त्यातलं एक गाणं तुफान चाललं. रिक्षात, लग्नात, सलूनमध्ये, जाल तिथे तेच.

आणि ऐन भरात बाईसाहेबांनी गाणं सोडलं!

मुंबईला जाऊन सिनेमांना बॅकग्राउंड म्युझिक द्यायला लागली. मी तिचा रेकॉर्डिस्ट. हिरोची आई मेली की डायरेक्टरला व्हायोलिन हवं असायचं आणि ही म्हणायची, "नुसता पंख्याचा आवाज ठेवू या." जाम भांडणं व्हायची. बहुतेक वेळा पंखा जिंकायचा.

मग तेही सोडून साउंड इन्स्टॉलेशन. म्हणजे एखाद्या जागेत स्पीकर लावायचे आणि लोकांनी तिथे फिरत फिरत ऐकायचं.

तिचे बाबा मला विचारायचे, "अरे, गाण्यात एवढं नाव झालं, आणि आता ही नुसते स्पीकर टांगत फिरते?"

मी काय सांगणार, कप्पाळ! मलाही नीट कळत नव्हतं.

शेवटचं काम दिंडोरीला, भाऊसाहेबांच्या द्राक्षबागेत. तिथे विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात. वेलींमुळे एका ओळीतली बाई दुसरीला दिसत नाही. म्हणून दिवसभर हाका चालतात. रेवतीने आजारपणात बागेत खुर्ची टाकून त्या रेकॉर्ड केल्या.

आणि फक्त हाका ठेवल्या. उत्तरं सगळी कापली.

हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "अगं, मधल्या मोकळ्या जागांत काय टाकायचं?"

"सम्या, आधी बागेत वाजव. मग बोलू."

बोलणं राहिलंच.

वर्षभर त्या फाइल्स उघडून बसायचो. बासरी टाकून पाहिली, तिचं जुनं गाणं टाकून पाहिलं. छान वाटायचं, पण तिचं वाटायचं नाही. आपण तिचं शेवटचं काम बिघडवणार, या भीतीने जीव अर्धा झाला होता.

शेवटी भाऊसाहेबांचाच फोन आला. "दादा, कधी करता चालू? बाया लय विचारू राहिल्या."

परवा गेलो. तारांना स्पीकर बांधले आणि टेस्टिंगला फाइल होती तशीच लावली. बाया कामातच होत्या.

स्पीकरमधून मागच्या हंगामातली हाक आली, "ओ मंदे, पाणी हाय का गं?"

चार ओळी पलीकडून मंदा ओरडली, "हाय ना! ये इकडं!"

सगळी बाग खो खो हसली. मग प्रत्येक हाकेला कुठून ना कुठून उत्तर यायला लागलं.

आणि मध्येच रेवतीचा आवाज.

"सम्या, आहेस का रे?"

ही हाक चुकून राहिलीय असं मी वर्षभर समजत होतो, कापणारच होतो.

पुढे शांतता. बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

मंदा म्हणाली, "बोला की दादा. तुम्हाला बोलावू राहिल्या त्या."

मी ओरडलो, "आहे गं!"

फाइलला हात लावलेला नाही. रविवारी बाग सगळ्यांसाठी उघडतोय. नक्की या. हाक आली की लाजू नका, ओ द्या.

रेवती, तुझं काम पूर्ण आहे. नीट जा गं.