विनायकच्या पानातली खीर

मंडळी, विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या लंका चौकातल्या सायबर कॅफेतून लिहितेय. दुपारपासून डोकं भणभणलंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, या हिंदी मुलखातल्या मराठी घरांतली मुलं काय खातात, यावर माझं संशोधन चाललंय. आज मंगला गौरीच्या देवळाजवळ एका भिक्षुकांच्या घरी गेले होते. त्यांचा सतरा वर्षांचा विनायक नुकताच श्राद्धाचं जेवून आला होता आणि भिंतीला टेकून बसला होता. गेल्या महिन्यात त्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलंय.

"मग आज खीर खाल्लीस?" मी विचारलं.

उत्तर वडिलांनी दिलं. "ताई, माझे गुडघे गेले, पाटावर बसवत नाही. पितृपक्षात रोज आमंत्रण असतं, तिथे आता हाच जातो. पितरांच्या जागी बसलेल्या ब्राह्मणाने पानातलं नाकारलं, तर यजमानाचे गेलेले वडील उपाशी राहतात. पंधरा दिवसांचा तर सवाल आहे."

आतून आई म्हणाली, "सासरे पण शुगरनेच गेले." पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली.

मी प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न विचारला. "विनायक, तू काय खायचं, हे घरात कोण ठरवतं?"

त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. मग हिंदीत म्हणाला, "जो मर गए, वही."

माझ्या प्रश्नावलीत आई, वडील, आजी आणि स्वतः, एवढेच पर्याय आहेत. तुम्ही कुठे खूण केली असती?