बिननावाची चौदा बटणं

रुग्णालयाच्या तळघरात तिघीजणी डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल ऐकून टाइप करायच्या. त्यांतल्या एकीला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त अहवाल तिचेच निघायचे. एका कानात डॉक्टर, दुसऱ्यात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. तो ती इतका भरधाव ठेवायची, की इतरांना नुसती चिवचिव ऐकू यायची. तिला सगळे 'फटकळ' म्हणत. ते नाव तिने मेहनतीने कमावलं होतं.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. पहिल्याच सकाळी स्क्रीन रीडर म्हणाला, "बटण. बटण. बटण." चौदा बटणं, एकालाही नाव नाही. तिने अंदाजाने एक दाबलं आणि लिहिलेला अख्खा अहवाल पुसला गेला.

विभागप्रमुख बाईंनी तिला टायपिंगवरून काढून फोन घ्यायला बसवलं. "पगार तोच राहील. तुम्हाला त्रास नको म्हणून हो."

"मला त्रास होत नाहीये, तुम्ही देताय."

मागे एक सहकारीण दुसरीला कुजबुजली, "खुर्ची घे तिची. तिला कुठे दिसतंय!"

"बहिरी नाहीये मी," ही म्हणाली. खुर्ची तरीही गेलीच.

घरी धाकट्या बहिणीने समजूत घातली, "ताई, घे ना जुळवून. आम्हा डोळसांना तरी कुठे मनासारखं मिळतं?"

"मग तू बस फोनवर," म्हणत हिने दार आपटलं आणि पत्र लिहायला घेतलं. रोज एक पत्र, रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे. पंधरा पत्रांना उत्तर नाही. सोळाव्याची प्रत तिने दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात धाडली. तिथून खुलासा मागवला गेला, तेव्हा कुठे सॉफ्टवेअरवाला धावत आला.

चाळीस मिनिटांत त्याने चौदाही बटणांना नावं दिली. "एवढंच होतं होय? कुणी सांगितलंच नाही."

"मग सोळा पत्रं मी काय भिंतीला लिहिली?"

तो पिशवी आवरायला लागला.

तिची खुर्ची तिला परत देत बाई म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? आता जरा गोडीगुलाबीने राहा."

"गोडीगुलाबी राहू द्या. पुढच्या वेळी काही आणण्याआधी मला विचाराल, एवढं लेखी द्या."

बाई पाय आपटत निघून गेल्या. लेखी काही मिळालं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघी सहकारिणींनी आपापले डबे उचलून दुसऱ्या टेबलावर नेले. हिने आपला उघडला आणि कसलीही घाई न करता पोटभर जेवली.