माहेराकडची मॅडम

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक पोरं गोळा करायला गावोगाव फिरतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मुलाखतीत कुटुंबसंस्था विचारली, सामाजिक स्तरीकरण विचारलं, आणि रुजू झाल्यावर प्राचार्यांनी पहिला प्रश्न केला, "मॅडम, गाडी चालवता येते ना?"

गाडी येते. बाकी काय येतं याची मला आता खात्री राहिलेली नाही.

कॉलेज सरकारी अनुदानावरचं, तालुक्याच्या गावातलं. समाजशास्त्राला मी एकटी. आधीचे सर रिटायर झाले, त्यांच्या जागी मी आले, पण अजून कायम झालेले नाही. परिविक्षेचा काळ संपला की काम बघून ठरणार. काम म्हणजे शिकवणं, असं मी बापडी समजत होते. इथे काम म्हणजे पोरं. विषयाला पोरं कमी पडली की विषय बंद, आणि विषय बंद झाला की मी आर्णीला आईच्या घरी, भाकरी थापत.

मी रुजू झाले त्या वर्षी स्टाफरूममध्ये गावांची वाटणी झाली. प्राचार्य भराभर गावं सांगत होते आणि जो तो माना डोलावत होता. कुणब्यांची गावं कुणबी सरांकडे गेली. बौद्ध वस्त्या इतिहासाच्या सरांकडे गेल्या, ते बौद्ध आहेत. कोणालाच यात काही वावगं दिसत नव्हतं. जातिव्यवस्था शिकवते कोण, तर मी, आणि समोर काय चाललंय हे मला निम्मी यादी होईपर्यंत कळलं नाही! कळलं तेव्हा मी घुश्शातच होते, तेवढ्यात प्राचार्य माझ्याकडे वळले. "आणि तांडे मॅडमकडे. तुम्हाला तिथं काय अडचण? आपलीच तर माणसं."

आता हे काय नवीन? आम्ही बौद्ध. आर्णीकडचे. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतलेली, घरात शिरताना आजही 'जय भीम' म्हणायचं. बंजाऱ्यांशी आमचा संबंध बाजाराच्या दिवसापुरता. पण बाकीच्यांसारखी मीही मान डोलावून बाहेर पडले. जिना उतरताना उजेड पडला. आडनाव! आमचं आडनाव आमच्यात आहे, मराठ्यांत आहे आणि बंजाऱ्यांतही आहे. इथे जात तोंडावर कोणी विचारत नाही. गाव कोणतं, मामा कुठले, लग्नात जेवण काय असतं, असं गोल गोल फिरून हिशेब लावतात. मी या प्रश्नांना मुद्दाम वाकडी उत्तरं द्यायची, गंमत म्हणून. प्राचार्यांनी त्यावरून आपला हिशेब लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सांगू, म्हटलं. मग वाटलं, सांगायचं तरी काय? "सर, मी तुम्ही समजता त्या जातीची नाही, मला माझ्या जातीची गावं द्या"? म्हणजे ती घाणेरडी वाटणी मला मान्य आहे असंच झालं की. आणि न सांगावं तर खोटेपणा. मला काही सुधरेना. शेवटी गाडीला किक मारली आणि फुलसावंगीच्या रस्त्याला लागले.

फुलसावंगीच्या पलीकडे एका तांड्यावर बारावी पास झालेली एक पोरगी होती. पोरगी हुशार, कलाशाखा घ्यायची म्हणत होती. मी गेले तेव्हा तिचा बाप ओट्यावर फवारणीचा पंप दुरुस्त करत बसला होता. मी माझं नाव-आडनाव सांगितलं आणि तो लगबगीनं उठला. घरात ओरडला, "अव, आर्णीच्या मॅडम आल्या!"

मी आर्णीची हे याला कसं ठाऊक? विचारणार तोच आतून एक म्हातारी आली. अंगात आरशांची चोळी, खाली फेटिया म्हणजे घेरदार घागरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. ती त्या पोरीची आजी. तिनं माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले, मला मिठीत घेतलं आणि गळा काढून रडायला लागली.

अरे देवा! कोणी मेलं की काय? मी बापाकडे पाहिलं, तर तो हसतमुखानं पोरीला चहा टाकायला सांगत होता. तेव्हा आठवलं, हे मी वाचलेलं आहे. बंजारा बायका माहेरचं माणूस खूप दिवसांनी भेटलं की अशा गळ्यात पडून रडतात. सुरात रडतात. ही रीत मी वर्गात शिकवते. सहभागी निरीक्षण म्हणजे काय, तेही शिकवते: संशोधकानं लोकांत मिसळावं पण अंतर ठेवावं. इथे माझं नाक म्हातारीच्या खांद्यात रुतलं होतं, अंतर कुठून ठेवू?

आणि मग मलाही रडू आलं. खरंखुरं. ढसाढसा. कशाचं, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्या गावात येऊन इतके महिने झाले होते आणि मला कोणी जवळ घेतलं नव्हतं, त्याचं असेल.

रडणं जसं सुरू झालं तसंच थांबलं. म्हातारीनं ओढणीच्या पदरानं माझंच नाक पुसलं आणि गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत विचारलं, "तारो गोत काई छ?" गोत, म्हणजे कुळी विचारते आहे एवढं समजलं. तेवढ्यात ती पोरगी चहा घेऊन मध्ये घुसली, "आजी, त्यायले जायचं हाय दुसऱ्या तांड्यावर, चहा तर पिऊ दे!"

बाप मात्र मुद्द्याचं बोलला. "हे पाहा मॅडम, खरं सांगतो. हिले एक स्थळ आलं हाय. पोरगं पुण्याले कंपनीत हाय. मी हो म्हणूनच राह्यलो होतो. कालेजात ना ओळखीचं, ना पाळखीचं, पोरीच्या जातीले कोणाच्या भरवशावर धाडू? पण आपली बाई हाय तिथं म्हणल्यावर वेगळी गोष्ट. तुमच्या भरवशावर तीन वर्सं थांबतो."

आता मी काय बोलावं? खरं सांगितलं तर पोरगी पुण्याला, सासरी. नाही सांगितलं तर मी कोण? मी चहा प्यायले. "हुशार आहे पोरगी, शिकू द्या," एवढंच म्हटलं. ते तर खरंच होतं.

पोरगी मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिथे तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, रागावू नका. मले माहीत हाय तुमी आमच्यातल्या नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पाहलं होतं तुमाले, निळा फेटा बांधून."

मी लावलेली किल्ली परत काढली. "मग मी तुमच्यातली असं घरी सांगितलं कोणी?"

"मीनंच. कालेजच्या पोस्टरवर तुमचं आडनाव होतं. आणि शिपाईकाका म्हणे आर्णीच्या हायेत. आजीचं माहेर आर्णीकडंच हाय. म्हणून मीनं बाबाले म्हणलं, त्या मॅडम आपल्यातल्या हाय, आजीच्या माहेराकडच्या." ती गाडीचा आरसा उगाच फिरवत राहिली. "तुमी काही बोलू नका. खोटं मी बोलली, तुमी थोडी बोलल्या."

"अगं पण हे बरोबर आहे का?"

"मले नाही माहीत, मॅडम. तुमाले माहीत असन. तुमी शिकवता ना हे?"

मी शिकवते हे. रस्ताभर मी त्या पोरीवर चिडले, मग प्राचार्यांवर, मग बापावर, आणि घरी पोचले तेव्हा फक्त आडनावावर चिडायचं बाकी होतं.

तिनं प्रवेश घेतला. तिच्यासोबत त्याच तांड्यावरच्या आणखी पोरी आल्या आणि विषय वाचला. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, "पाहा, आपला माणूस पाठवला की कसं काम होते!" मी खाली मान घालून बसले. इतिहासाचे सर, जे मला ओळखून होते, माझ्याकडे पाहून मिशीत हसले आणि त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. वर्गात जातीचा धडा आला की ती पोरगी पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे एकटक पाहायची. व्याख्या सांगताना माझी जीभ अडखळायची.

श्रावणात बापाचा फोन आला. "मॅडम, तीज हाय तांड्यावर. यावंच लागते. माय रोज इचारते, आर्णीची बाई कवा येते म्हणून."

तीज म्हणजे तांड्यातल्या कुवार पोरींचा सण. दुरड्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, फेर धरून गाणी म्हणतात. मला गाणं येत नाही, बोली येत नाही, गोत सांगता येत नाही. पोरीनं कॉलेजच्या मैदानावर मला एक गाणं शिकवायचा प्रयत्न केला. दोन ओळींत तिनं कपाळावर हात मारून घेतला. "राहू द्या मॅडम. तुमचा घसा बसला म्हणून सांगते."

तेव्हा मी ठरवलं, बास. आता आणखी एक खोटं नको. म्हातारीला खरं सांगून टाकायचं. मग नोकरी राहो की जावो. पण पोरीचं काय, हे मला तेव्हाही समजत नव्हतं. मी फक्त निघाले.

तांड्यावर दुपारीच फेर रंगला होता. पोरी हिरव्या अंकुरांच्या दुरड्या मध्ये ठेवून गात होत्या. बाप पाहुण्यांच्या सरबराईत होता. मी म्हातारीला हाताला धरून कडुलिंबाखाली नेलं.

"आजी," मी म्हटलं, "मी तुमच्यातली नाही."

"मले ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू रडली तवापासून. आमच्या बाया रडतात ना, तं सांगत सांगत रडतात. बाप कसा हाय, भाऊ कसा हाय, गाय व्याली का, कोण मेलं, कोण जलमलं, समदं रडण्यातच सांगतात. तू बाप्पा नुसतीच रडली. मुकी."

मला हसावं की काय करावं कळेना. "मग बोलल्या काहून नाही?"

"कायले बोलू? म्या तेराव्या वर्सी आली इथं. पोरगी दोन बुकं शिकून राह्यली तं शिकू दे." मग तिनं डोळे बारीक करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आर्णीची तरी हायेस, का तेबी खोटंच?"

"आर्णीची आहे, आजी. अगदी खरं."

"मंग सांग तिकडलं. माहेराकडून कोणी आलंच नाय लई वर्सांत. भाऊ होता, तो गेला."

काय सांगावं? मी म्हटलं, "तिकडे पाऊस बरा झालाय. सोयाबीन चांगलं आहे." एवढ्यावर तिनं मला ओढून घेतलं आणि पहिल्यासारखाच गळा काढला. यावेळी मला वेळ लागला नाही. मी रडता रडता सांगू लागले, माझ्या साध्या मराठीत, सूर ना ताल: अरुणावतीला पाणी आलंय, आजी. आमची आई एकटी असते. बाबा गेले, त्यांना माझी नोकरी पाहायला मिळाली नाही. म्हातारी मध्ये मध्ये हुंकार देत होती आणि माझ्या पाठीवरून बांगड्यांचा हात फिरवत होती.

फेरातली पोरगी गाणं सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली. पलीकडून बाप एका पाहुण्याला कौतुकानं सांगत होता, "पाह्य, म्या म्हणलं होतं ना? आपलीच हाय."