रिकामी मूठ न धरणारी चंदाताई

दिवाळीचे दिवे विझले की आमचे आई-बाबा वीटभट्टीवर निघायचे, ते थेट पेरणीच्या तोंडावर परतायचे. मेडशीजवळच्या आमच्या गावातली कितीतरी घरं अशीच कुलूप लावून जायची. आमच्या घराला कुलूप लागलं नाही, कारण माझी शाळा बुडू नये म्हणून चंदाताई मागं राहिली. ती तेरा वर्षांची, मी सात. पाचवीनंतर तिची शाळा सुटलेली. सकाळी माझी वेणी घालून ती लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. घरात तेल नसलं की मिरची-मीठ वाटून भाकरीवर ठेवायची आणि म्हणायची, "आज असंच खाय मंगे, पोट हलकं राह्यते." मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आज रिसोडला शिक्षिका आहे. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि ती पदवी ताईच्या कष्टाची आहे हेही तेवढ्याच ताठ मानेनं सांगते.

ती ताई सव्वा महिन्यापूर्वी गेली. सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'ज्येष्ठ अभिनेत्री' असं छापून आलं. इतक्या दुःखातही मला हसू आलं, कारण या ज्येष्ठ अभिनेत्रीनं शूटिंगचा कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तोच मुळी चाळिशी ओलांडल्यावर.

त्या वर्षी गावात शूटिंग आलं. सिनेमावाल्यांना तिफणीवरची पेरणी हवी होती. आता आमच्याकडं पेरणी बहुतेक ट्रॅक्टरनंच होते, पण गावातल्या रामरावांकडं जुनी तिफण आणि बैलजोडी होती. तिफणीमागं चालत चाड्यात, म्हणजे तिच्यावरच्या लाकडी नरसाळ्यात, मुठीनं बी सोडायला गावातल्या तीन-चार बाया घेतल्या, त्यात ताई. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, बी नको. नुसती ॲक्टिंग करा." ताई जागची हलेना.

"रिकामी मूठ चाड्यावर धरत नाईत, दादा. आमच्यात चालत नाई ते."

"पण मावशी, हे खोटंच आहे ना."

"तुमचं खोटं असंन. वावर तं खरं हाय."

शेवटी पायलीभर तूर आणली. एकाच तासावर, म्हणजे पेरणीच्या एकाच ओळीवर, सहा वेळा शॉट झाला आणि सहाही वेळा ताईनं मोजून-मापून बी सोडलं. बांधावरून रामराव ओरडत होते, "ए चंदे, माही सारी तूर सिनेमातच पेरतं का वं?" पंधरा दिवसांनी त्या एका तासात तूर अशी दाटून उगवली, की लोक मुद्दाम पाहायला यायचे. "चला, चंदीचा सिनेमा उगवला!"

पण जाताना दिग्दर्शकानं तिचा नंबर घेतला. म्हणाला, "सगळ्या जणी कॅमेऱ्याकडे बघत होत्या, तुम्ही बियाकडे बघत होता."

सिनेमात ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसली. गाव खूश झालं, ताई मात्र नाही. "तोंड दिसलं, त्यात काय मोठं? मले बोलायचं हाय. गर्दीत उभं राह्यलं म्हंजे ॲक्टर होते का माणूस?"

काही महिन्यांनी त्याच दिग्दर्शकाच्या ओळखीनं पुण्याहून ऑडिशनचा निरोप आला. बोलण्याची भूमिका होती, आईची. तेव्हा मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "ताई, तुले धड वाचता येत नाही. हे पानभर संवाद कसे पाठ करशीन? काहून हसं करून घेतं?"

ताई म्हणाली, "तू कॉलेजात गेली, तवा मी विचारलं होतं का तुले, जमंन का म्हणून?"

त्या दिवसापासून मी तिचे संवाद मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करून पाठवू लागले. ती गोठ्यात, चुलीपुढं, निंदताना ते ऐकायची. चार दिवसांत पान पाठ. भाऊजी म्हणायचे, "आमच्या घरी आता म्हशीलेबी डायलॉग पाठ हायेत."

पाठांतर अडलं नाही, अडलं दुसरंच. ऑडिशनच्या खोलीत एक खुर्ची आणि कॅमेरा, बाकी काही नाही. 'समजा, तुमच्या हातात ताट आहे' म्हटलं की ताईचे हात लाकडासारखे व्हायचे. दोनदा नकार आला. दुसऱ्या वेळी परतताना एसटीतून फोन करून ती एवढंच म्हणाली, "हातात काही नसलं, की तोंडातलंबी खोटं निंगते मंगे."

तिसऱ्या खेपेला मी सोबत होते. समोर बसलेल्या मॅडम मुलाचे संवाद वाचत होत्या. पुन्हा तेच, 'समजा, ताट आहे.' ताई थांबली, माझ्याकडं वळली आणि पिशवीतून आमचा जेवणाचा डबा काढला. त्यातली भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला, मॅडमच्या पुढं बसली आणि पाठ केलेला संवाद बोलू लागली. बोलता बोलता घास त्यांच्या तोंडाशी नेला. मॅडम गोंधळल्या, पण खाल्ला. ठेचा आमच्या घरचा! डोळ्यांत पाणी, हातात कागद, पुढची ओळ वाचता येईना. ताई संवादातली आई न सोडता म्हणाली, "हळू जेव बापा, कोनी हिसकून नाई राह्यलं." ही ओळ कागदावर नव्हती. सिनेमात ती जशीच्या तशी ठेवली.

पुढं ती कुठंही गेली तरी आधी विचारायची, हातात काय राहीन? पापड लाटायचा असेल तर खरा पापड, भांडी घासायची असतील तर खरी खरकटी. कुणी हसलं तरी तिनं मनावर घेतलं नाही. काम संपलं की घरी, वावरात. तिच्यासारखं तृप्त माणूस मी पाहिलं नाही.

तेराव्यानंतर मी मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले. व्यवसायाच्या रकान्याशी ग्रामसेवकाचा पेन थांबला. मी म्हणाले, "शेती लिहा, तीही करतच होती."

"शेती तं सारेच करतेत मॅडम," तो म्हणाला आणि मला न विचारता त्यानं लिहून टाकलं.

माझ्या बहिणीनं दहा वर्षांत पाच सिनेमे आणि दोन मालिका केल्या, आणि पहिला सोडला तर प्रत्येकात ती बोलली. सरकारी कागदावर तिचा व्यवसाय 'अभिनय' असा आहे.