न खेळता बाद

आमची ताई बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती, पण तिला घेतलं होतं सॉफ्टबॉलसाठी. कारखान्याचा बायकांचा संघ होता. जी खेळेल तिला नोकरी, आणि नोकरीबरोबर मागच्या इमारतीत दोन खोल्या. खेळ सुटला की दोन्ही सुटणार, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं होतं. मला तेव्हापासून हसून बोलणाऱ्या साहेबांची भीती वाटते.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत आम्ही तिघी राहायचो. ताई, मी आणि आई. आईला दिसेनासं झालं होतं, पण ते घर तिला हाताने पाठ होतं. मोरीचा उंबरा, ओट्याचा तुटका कोपरा, दाराशेजारचा खिळा, कशालाही न अडखळता ती फिरायची. "आता मरेपर्यंत मला इथून हलवू नका गं," म्हणायची.

कारखान्यात ताई उजेडाच्या काचेसमोर उभी असायची. समोरच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत जात, आणि जिच्यात केसाएवढी चीर दिसेल ती उचलून बाजूला टाकायची. अख्खी पाळी उभ्याने. मग संध्याकाळी मैदानावर बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी कॅचर म्हणून उकिडवी. उभं राहून आणि उकिडवं बसून तिने आमचं घर चालवलं. गुडघा जाईल नाही तर काय?

सकाळी पट्टी मी बांधायची.

"अजून आवळ."

"अगं, पाय काळानिळा पडेल."

"पडू दे. पायाला कोण स्थळ बघायला येतंय?"

असं काहीतरी बोलून ती मला हसवायची आणि दात आवळून जिना उतरायची. गुडघ्याचं तिने सरांना, म्हणजे संघाच्या कोचना, सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. त्या वर्षी साहेबांनी शब्द दिला होता की स्पर्धा संपली की ताईला कायम करतो. कायम झाली की खेळो न खेळो, नोकरी आणि खोल्या कुणी काढून घेणार नव्हतं. तेवढी एक स्पर्धा निभावायची होती.

अंतिम सामना मुंगीच्या संघाशी होता. मुंगी म्हणजे ताईची चेली. अंगाने एवढीशी, पण चिवट. आधी आमच्याच कारखान्यात होती, नंतर दुसरीकडे जाऊन कर्णधार झाली. तिला खेळ शिकवला ताईने, आमच्या स्वयंपाकघरात, फरशीवर बाटल्यांची झाकणं मांडून.

"समोरची चुकीची बॅटर आली," ताई सांगायची, "तर लगेच ओरडायचं नाही. लगेच ओरडलीस तर ते बरोबर बॅटर पाठवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. तिचा खेळ संपू दे. मग पुढच्या बॅटरला चेंडू पडायच्या आत पंचाकडे जायचं. जिची खरी पाळी होती ती बाद, आणि चुकीच्या बॅटरने मिळवून दिलेली धावही रद्द."

"आणि चेंडू पडला तर?"

"मग सगळं माफ. झालं ते बरोबर धरायचं."

"पण पंचाला दिसतं ना?"

"दिसलं तरी तो बोलत नाही. समोरच्यांनी विचारायचं."

मी भांडी घासता घासता ऐकायची. मला तो नियम तेव्हाच दुष्ट वाटला होता. चुकून खेळली ती सुटते, आणि बसून राहिली ती बाद होते.

अंतिम सामन्यात ताईचा नंबर चौथा होता. तिसऱ्या डावात गुडघ्याने दगा दिला. पोटात कळ आली असं सरांना सांगून ती बाहेर आली आणि आमची एकुलती एक राखीव मुलगी आत गेली. सुरुवातीपासून खेळणारीला एकदा परत येता येतं, ते आपल्याच नंबरावर. दोन डाव बसून, पट्टी आवळून ताई परत गेली. आता राखीव मुलीलाही पुन्हा येता येणार नव्हतं, आणि ताई बाहेर पडली तर चौथ्या नंबरावर कुणीच नव्हतं. पाळी आली की आपोआप बाद.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. दोघी बाद झाल्या होत्या, तिसरी बाद झाली की सामना संपणार, आणि तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकाच टप्प्यावर, आमची एक उभी. पाळी ताईची. पण बाकावरून कुणी उठेना. सर तिकडे तिसऱ्या बेसजवळून "चला, चला!" म्हणून टाळ्या वाजवत होते. पाचव्या नंबरची पोरगी नवी होती, बावरलेली. तिने बॅट उचलली आणि निघाली.

मी बाकामागच्या जाळीला चिकटून बसले होते. "ताई, तुझी पाळी!"

"गप्प बस," ती मागे न बघता पुटपुटली. तिचे दोन्ही हात गुडघ्यावर होते.

गुडघा अडकला होता. उठता येत नाही म्हणावं, तर पाळी जाणार, सामना जाणार आणि सरांना सगळं कळणार. पण हे असंच खपून गेलं, आणि सहाव्या नंबरला एक चेंडू पडला, की सगळं माफ. ताईला तो एक चेंडू हवा होता.

पाचवीने असा काही टोला मारला की तिसऱ्या बेसवरची आरामात धाव पुरी करून आली. बरोबरी! आमच्या बायका बाकावर नाचायला लागल्या. सहावी जाऊन उभी राहिली. त्यांच्या चेंडू टाकणारीने, पिचरने, चेंडू हातात घेतला. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुंगीने हात वर केला आणि ती पंचांकडे चालत गेली.

पंचांनी खिशातला बॅटरांच्या क्रमाचा कागद पाहिला. "नंबर चार बाद. धाव रद्द."

सामना संपला.

"चार?" सर ओरडत आले. "चार कोण?"

सगळे बाकाकडे वळले. ताईने बाकाची कड धरून उठायचा प्रयत्न केला, अर्धी उठली आणि बॅटींच्या ढिगावर आडवी झाली. पँट वर सरकली. पट्टीच्या वरखाली सुजलेला तो पाय सरांनी पाहिला, आणि ते पाठ फिरवून निघून गेले.

साहेब या वेळी हसले नाहीत. खेळता येत नसताना संघात बसून राहिली, असं त्यांनी ताईच्या तोंडावर सांगितलं. पाचवीने मिळवून दिलेली धाव रद्द झाली, पण टोला सगळ्यांनी पाहिला होता. त्या वर्षी कायम झाली ती पाचवी. आमच्या खोल्याही तिलाच मिळाल्या. तिचा काडीचा दोष नव्हता. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि अजून ती पुरती विझलेली नाही.

सामान बांधत होतो तेव्हा मुंगी आली. दारातच उभी राहिली.

"पहिल्याच चेंडूला माझ्या लक्षात आलं होतं, ताई."

"मग तेव्हाच बोलायला काय झालं होतं?" मी अंगावर धावून गेले.

ती ताईकडे बघत राहिली. "मी तुझ्याकडे सारखी बघत होते. म्हटलं, आता उठेल. तुला कळलं नाही, असं होणारच नाही."

"नव्हतं लक्ष माझं," ताई म्हणाली. "तू बरोबर केलंस. असंच शिकवलं होतं मी."

मुंगी रडायला लागली. ताईने तिला पाणी द्यायला मला सांगितलं. स्वतः उठली नाही.

आता आम्ही एका खोलीत राहतो. ताई बसून शर्टांना बटणं लावते. आईला ही खोली हाताला लागत नाही. जिथे खिळा असायचा तिथे ती भिंत चाचपत राहते, आणि ताई जागेवरून सांगत असते, "उजवीकडे, आई. अजून थोडी."

"बसल्या बसल्या काय सांगतेस? ये की हात धरायला," आई चिडते.

"आले हं," ताई म्हणते, आणि मला डोळ्यांनी उठायची खूण करते.